तांबं, चांदी आणि वीस किलोव्होल्ट: आतल्या कवचाच्या आयनीभवनाचं गणित हाताने कसं करायचं

हुपरीचा एक विद्यार्थी मागच्या सत्रात लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. घरात चांदीचा धंदा, त्यामुळे प्रकल्पासाठी त्याने पैंजणाचाच तुकडा आणला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो तुकडा ठेवून वीस किलोव्होल्टवर क्ष-किरणांचा वर्णपट घेतला होता आणि त्यासोबत स्प्रेडशीटमध्ये काटछेदांची गणितं मांडली होती. "सर, चांदीच्या के कवचाचं उत्तर उणे त्रेचाळीस बार्न येतंय. सूत्र तर बरोबर आहे."

सूत्र खरोखरच बरोबर होतं. आकडेही बरोबर होते. काटछेद म्हणजे आपण वर्गात ज्याला क्रॉस सेक्शन म्हणतो ते, एक प्रकारचं क्षेत्रफळ. ते उणे असूच शकत नाही. मग चूक कुठे होती? चूक सूत्राच्या आधीच्या पायरीत होती, आणि बहुतेकांची तिथेच होते. म्हणून हा लेख त्या पायरीपासून सुरू करतो आणि खऱ्या आकड्यांनी शेवटपर्यंत नेतो. कागद, पेन आणि नैसर्गिक लॉगरिदमचं बटण असलेला कॅल्क्युलेटर एवढं सामान पुरतं.

आधी गुणोत्तर, मग सूत्र

अणूतलं सर्वांत आतलं कवच के, त्याबाहेर एल, मग एम. वेगाने येणारा इलेक्ट्रॉन अणूच्या अगदी आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला बाहेर फेकतो, तिथे पोकळी तयार होते. ती भरताना एकतर क्ष-किरण बाहेर पडतो किंवा ऑजर इलेक्ट्रॉन, म्हणजे ती ऊर्जा घेऊन सुटणारा त्याच अणूतला दुसरा इलेक्ट्रॉन. ही पोकळी तयार होण्याची शक्यता किती, हे काटछेद सांगतो. त्याचं एकक बार्न: एका चौरस सेंटिमीटरला १० च्या २४ व्या घाताने भागलं की एक बार्न.

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून पहिली चौकशी काय करतो? राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? नुसता ३७ किंवा ४१ हा आकडा परगावच्या माणसाला काही सांगत नाही. आपल्याला सांगतो, कारण इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ आपल्या डोक्यात पक्की असते. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचंही तसंच आहे. वीस किलोव्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वीस केईव्ही, म्हणजे वीस हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ईव्ही). पण "वीस केईव्ही" हा आकडा एकटा मुका आहे. ज्या कवचाला धक्का द्यायचा त्याच्या बंधनऊर्जेशेजारी, म्हणजे तिथला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेशेजारी, तो ठेवला की बोलायला लागतो.

येणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा ऊ, कवचाची बंधनऊर्जा ब, आणि त्यांचं गुणोत्तर प, म्हणजे ऊ भागिले ब. दोन्ही ऊर्जा केईव्हीमध्येच घ्या. एक ईव्हीमध्ये आणि दुसरी केईव्हीमध्ये घेतल्याने कित्येकांच्या संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वीस केईव्हीला काही गुणोत्तरं काढून ठेवू. शिरोलीच्या फाउंड्रीतला बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा घेतला तर त्यातल्या सिलिकॉनचं के कवच १.८३९ केईव्हीवर आहे, म्हणून प सुमारे १०.९. लोखंडाचं के कवच ७.११२ वर, प २.८१. तांब्याचं ८.९७९ वर, प २.२३. चांदीचं के कवच मात्र २५.५१४ केईव्हीवर आहे, तिथे प फक्त ०.७८ येतो.

उणे त्रेचाळीसचं उत्तर इथे मिळालं. प एकापेक्षा कमी असेल तर येणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे ते कवच फोडायला पुरेशी ऊर्जाच नाही, काटछेद शून्य. पण सूत्राला हे कळत नाही. एकापेक्षा लहान संख्येचा लॉगरिदम उणे येतो आणि स्प्रेडशीट तो निमूटपणे पुढे गुणत जाते. म्हणून शीटच्या पहिल्याच रकान्यात अट घाला: प एक किंवा त्याहून कमी असेल तर उत्तर शून्य. त्या मुलाच्या वर्णपटात चांदीची के रेषा का नव्हती, हेही तेवढ्यातच सुटलं.

पहिला आकडा लोट्झच्या सूत्राने

वुल्फगांग लोट्झ यांनी १९६७ साली मांडलेलं सूत्र अनुभवजन्य आहे, म्हणजे मोजमापांवर बसवलेलं. मुळात ते ईव्ही आणि चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यात दहाचे उणे घात येतात. केईव्ही आणि बार्नमध्ये आणलं की ते इतकं सुटसुटीत होतं की तोंडपाठ राहतं:

काटछेद = ४५,००० × न × एलएन(प) ÷ (ऊ × ब)

एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. न म्हणजे त्या कवचातले इलेक्ट्रॉन. के कवचात २. एल कवचाच्या तीन उपकवचांपैकी एल-१ मध्ये २, एल-२ मध्ये २ आणि एल-३ मध्ये ४.

तांब्याचं करून बघू. प २.२२७, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.८०१. अंशात ४५,००० × २ × ०.८०१, म्हणजे सुमारे ७२,०८०. छेदात २० × ८.९७९, म्हणजे १७९.६. उत्तर ४०१ बार्न.

इथे एक सावधगिरी, कारण ही चूक दरवर्षी होते. स्प्रेडशीटमध्ये नुसतं लॉग लिहिलं की ते दहाच्या पायाचं धरलं जातं, एलएन लिहिलं तर नैसर्गिक. पायथनमध्ये मात्र लॉग म्हणजेच नैसर्गिक. एकाने शीटमध्ये केलेलं गणित दुसरा पायथनमध्ये पडताळतो आणि दोघांची उत्तरं २.३ पटीने वेगळी येतात. तांब्याचं उत्तर ४०१ ऐवजी १७४ आलं तर दुसरीकडे शोधू नका, लॉगरिदम तपासा.

लोट्झच्या सूत्राचा आलेख काढला तर काटछेद उंबरठ्यापासून, म्हणजे प एक असतो तिथून, चढत जातो, प २.७ च्या जवळ सर्वांत मोठा होतो आणि मग हळूहळू उतरतो. खऱ्या के कवचांचा माथा थोडा पुढे, उंबरठ्याच्या तिप्पट-चौपट ऊर्जेपाशी असतो. म्हणजे सूत्राची ठेवण बरोबर आहे, पण उंबरठ्याजवळ त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. किती विसंबायचं, हे दुसऱ्या सूत्राशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आकडा: किम आणि रड यांची वाट

हान्स बेथे यांनी १९३० मध्ये दाखवून दिलं होतं की वेगवान इलेक्ट्रॉनसाठी काटछेद लॉगरिदम भागिले ऊर्जा अशा रीतीने बदलतो. हे लांबून झालेल्या आघातांचं चित्र: येणारा इलेक्ट्रॉन दुरून जातो आणि त्याच्या विद्युतक्षेत्राचा झटका आतल्या इलेक्ट्रॉनला बसतो. जवळून झालेली टक्कर वेगळी. तिथे दोन इलेक्ट्रॉन समोरासमोर येतात, आणि दोन्ही इलेक्ट्रॉनच असल्याने टकरीनंतर कोणता कुठला हे ओळखता येत नाही. या दोन्ही चित्रांना योंग-की किम आणि यूजीन रड यांनी १९९४ मध्ये एका सूत्रात बांधलं. त्याला संक्षेपाने बीईबी (बायनरी-एन्काउंटर-बेथे) म्हणतात. मला ते आवडतं, कारण त्यात मोजमापावर बसवलेला एकही आकडा नाही आणि प्रत्येक पदाला अर्थ आहे.

त्यासाठी आणखी एक राशी लागते: कवचातल्या इलेक्ट्रॉनची स्वतःची सरासरी गतिज ऊर्जा. तिला बंधनऊर्जेने भागून आलेल्या संख्येला ग म्हणू. नेमका आकडा अणुरचनेच्या संगणकीय गणितातून घेतात. के कवचापुरता मात्र स्लेटरचा अंदाज हाताशी आहे: अणुक्रमांकातून ०.३ वजा करा, वर्ग करा, १३.६०६ ने गुणा, उत्तर ईव्हीमध्ये येईल. तांब्याचा अणुक्रमांक २९, म्हणून २८.७ चा वर्ग गुणिले १३.६०६, म्हणजे सुमारे ११,२०७ ईव्ही. ८,९७९ ने भागलं की ग १.२४८. एल आणि एम कवचांना हा सोपा मार्ग चालत नाही, तिथे तक्तेच पाहावेत.

आता गणित तीन टप्प्यांत:

क = ६५,१४० × न ÷ (ब × ब)

कंस = ½ × एलएन(प) × (१ − १/प²) + १ − १/प − एलएन(प)/(प + १)

काटछेद = क × कंस ÷ (प + ग + १)

कंसातलं पहिलं पद लांबच्या आघातांचं. नंतरचं "१ वजा १/प" जवळच्या टकरींचं. शेवटचं वजा होणारं पद दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत म्हणून येतं. ही ओळख मनात असली की चूक कोणत्या पदात आहे हे आकडा बघूनच लक्षात येतं.

तांब्यासाठी क = ६५,१४० × २ ÷ ८०.६२ = १,६१६ बार्न. कंसातली पदं अनुक्रमे ०.३२०, ०.५५१ आणि ०.२४८. पहिली दोन मिळवून तिसरं वजा केलं की ०.६२३. छेद २.२२७ + १.२४८ + १ = ४.४७५. उत्तर २२५ बार्न.

लोट्झने ४०१ दिले, बीईबीने २२५. जवळजवळ दुप्पट फरक. इथे विद्यार्थी घाबरतात आणि आकडेमोडीत चूक शोधत बसतात. चूक नाही. फरक छेदातल्या "ग + १" मुळे पडतो.

तो भाग का आला हे समजून घेण्यासारखं आहे. येणारा इलेक्ट्रॉन अणूत शिरताना केंद्रकाच्या ओढीने वेग घेतो, आतल्या इलेक्ट्रॉनजवळ कमी वेळ थांबतो, त्यामुळे आघाताची शक्यता घटते. बाहेरच्या कवचांना ही दुरुस्ती उत्तम लागू पडते. खोलवरच्या के कवचाला मात्र ती गरजेपेक्षा जास्त उत्तर खाली खेचते. दुरुस्ती अजिबात न करता छेदात फक्त प ठेवला तर तांब्याचं उत्तर ४५२ बार्न येतं. के कवचासाठी किम, सांतोस आणि परेंते यांच्या गटाने या दोन टोकांची सरासरी घेण्याची रीत वापरली. २२५ आणि ४५२ यांची सरासरी ३३८. तांब्यासाठी मी हाच आकडा वहीत लिहितो.

आता हेच सगळं अॅल्युमिनियमला लावा. ऊर्जा तीच वीस केईव्ही, फक्त बंधनऊर्जा १.५५९६ आणि प १२.८. लोट्झ ७,३६१ बार्न देतं. बीईबी ७,०५२. दुरुस्तीशिवाय ८,३७६, सरासरी ७,७१४. लोट्झ आणि सरासरी यांच्यात पाच टक्क्यांहूनही कमी फरक!

त्याच इलेक्ट्रॉन झोताखाली अॅल्युमिनियमबद्दल सगळी सूत्रं एकमताने बोलतात आणि तांब्याबद्दल भांडतात. कारण एकच, गुणोत्तर. प दहाच्या पुढे गेला की कोणतंही बरं सूत्र चालतं. प दोन-तीनच्या आसपास असेल तर निवड महत्त्वाची ठरते. आणि प दीडच्या खाली असेल तर हाताने काढलेला आकडा फक्त अंदाज समजावा. तीस किलोव्होल्टला चांदीच्या के कवचाचा प १.१८ आहे, लोट्झ १९ बार्न सांगतं. तो १९ अहवालात पक्का आकडा म्हणून छापू नये.

सापेक्षता कधी आणायची

वीस केईव्ही आणि तांबं एवढ्यासाठी नाही आणली तरी चालते. किम, सांतोस आणि परेंते यांनी २००० साली बीईबीचं सापेक्षतावादी रूप दिलं. त्यात वरचेच आकडे घालून पाहिले तर २२५ चे २२३ होतात. दोन बार्नांसाठी एवढं लांब समीकरण हाताने सोडवायची गरज नाही.

पण पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक २०० किलोव्होल्टवर चालतो तेव्हा गोष्ट बदलते. शाळेतल्या अर्धा एमव्ही-वर्ग सूत्राने त्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ०.८८ पट येतो. खरा वेग ०.६९५ पट आहे. काटछेदाच्या छेदात वेगाचा वर्ग बसतो, म्हणजे ही चूक सरळ उत्तरात शिरते. माझा साधा नेम: झोत ५० केईव्हीच्या वर असेल किंवा सोन्यासारख्या जड मूलद्रव्याचं के कवच असेल, तर सापेक्षतावादी रूपच वापरायचं. सोन्याचं के कवच ८०.७ केईव्हीवर आहे, तिथे आतला इलेक्ट्रॉन स्वतःच प्रचंड वेगाने फिरत असतो.

एल कवच: तीन वेगळी घरं

पैंजणातली चांदी वर्णपटात दिसते ती एल कवचामुळे. इथे "एल कवच, आठ इलेक्ट्रॉन, सरासरी बंधनऊर्जा अमुक" असं उरकू नका. तीन उपकवचांची गणितं वेगवेगळी करा. चांदीसाठी एल-३ ची बंधनऊर्जा ३.३५१, एल-२ ची ३.५२४ आणि एल-१ ची ३.८०६ केईव्ही. लोट्झने वीस केईव्हीला अनुक्रमे ४,७९८, २,२१७ आणि १,९६२ बार्न येतात. बेरीज सुमारे ८,९८०.

वेगळं करण्याचं कारण नुसती अचूकता नाही. एल-१ मध्ये झालेली पोकळी क्ष-किरण निघण्याआधीच एल-२ किंवा एल-३ मध्ये सरकू शकते. याला कोस्टर-क्रोनिग संक्रमण म्हणतात. त्यामुळे वर्णपटात एल-३ ची रेषा जेवढी तेजस्वी दिसते, तेवढ्या पोकळ्या आघाताने थेट एल-३ मध्येच झाल्या असं म्हणता येत नाही. बेरीज आधीच केली तर हा हिशेब पुन्हा उलगडता येत नाही.

पोकळी म्हणजे क्ष-किरण नव्हे

काटछेद काढला आणि तोच क्ष-किरणांच्या संख्येशी जुळवायला घेतला, ही चूक मी चांगल्या प्रबंधांतही पाहिली आहे. मध्ये प्रतिदीप्ती उत्पादन येतं: एकूण पोकळ्यांपैकी किती हिस्सा क्ष-किरण देतो. तांब्याच्या के कवचासाठी ते सुमारे ०.४४ आहे, अॅल्युमिनियमसाठी अवघं ०.०३९, चांदीच्या एल-३ साठी पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या पोकळ्या ऑजर इलेक्ट्रॉन देऊन भरतात.

म्हणून तांब्याचे ३३८ बार्न गुणिले ०.४४, म्हणजे क्ष-किरणांसाठी सुमारे १४९ बार्न. अॅल्युमिनियमचे ७,७१४ गुणिले ०.०३९, म्हणजे सुमारे ३०१. काटछेदात अॅल्युमिनियम तांब्याच्या २३ पट होतं, क्ष-किरणांत जेमतेम दुप्पट उरलं.

आकडा खरा वाटतो का?

हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने करायला लावतो. तांब्याचा ५० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा घ्या. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ८.४९ × १० चा २२ वा घात एवढे अणू असतात. या जाडीमुळे एका चौरस सेंटिमीटरवर ४.२४ × १० चा १७ वा घात एवढे अणू येतात. त्याला ३३८ बार्नने गुणलं की ०.०००१४. म्हणजे एक लाख इलेक्ट्रॉन पापुद्र्यातून गेले तर के कवचात सुमारे चौदा पोकळ्या आणि त्यातून सहा क्ष-किरण. लाखात सहा! सूक्ष्मदर्शकाला एका बिंदूवर मिनिटभर का थांबावं लागतं, हे या आकड्यातून जितकं समजतं तितकं कोणत्याही व्याख्यानातून समजत नाही. आणि तुमच्या गणितात लाखात साठ हजार किंवा कोटीत एक असं काही निघालं, तर एककात कुठेतरी दहाचा घात चुकला आहे, हेही लगेच कळतं.

शेवटचा आकडा कुठून घ्यायचा

प्रकाशित करायच्या कामासाठी हाताचं गणित पुरेसं नाही. तिथे विकृत-तरंग पद्धतीने काढलेले आकडे वापरावेत. या पद्धतीत येणाऱ्या-जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा तरंग सरळ न धरता अणूच्या क्षेत्रात वाकलेला धरतात, त्यामुळे उंबरठ्याजवळही उत्तर विश्वासाचं राहतं. डेव्हिड बोते आणि फ्रान्सेस्क साल्वात यांनी २००८ मध्ये ही गणितं दिली. पुढच्याच वर्षी याब्लोन्स्की आणि पॉवेल यांच्यासह अणुक्रमांक १ ते ९९ पर्यंतच्या के, एल आणि एम कवचांसाठी त्यांची सोपी विश्लेषणात्मक सूत्रं आली. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या (एनआयएसटी) डेटाबेसमधून हे आकडे मोफत मिळतात. मोजमापांशी ताडताना लक्षात ठेवा की के कवचाची मोजमापं बरीच आहेत, एल ची कमी आणि एम ची तुरळक.

मग हाताने करायचंच कशाला? कारण डेटाबेसमध्ये ऊर्जा ईव्हीत टाकायची की केईव्हीत, उत्तर पूर्ण कवचाचं की उपकवचाचं, पोकळ्यांचं की क्ष-किरणांचं, हे ओळखायला तुमच्याकडे आधीच एक अंदाज असावा लागतो. ४०१ आणि २२५ च्या मध्ये उत्तर येणार हे माहीत असलेल्याला ३.४ किंवा ३,४०,००० हा आकडा फसवू शकत नाही.

पैंजणाच्या जाड तुकड्यासाठी आणखी एक पायरी उरते. इलेक्ट्रॉन आत शिरताना मंदावत जातो, वीस केईव्हीवरून एकोणीस, अठरा असा. प्रत्येक ऊर्जेला काटछेद वेगळा आणि त्या ऊर्जेत तो किती अंतर जातो तेही वेगळं. शीटमध्ये अर्ध्या केईव्हीच्या ओळी करा, प्रत्येक ओळीत काटछेद गुणिले त्या टप्प्यात कापलेलं अंतर लिहा आणि बेरीज घ्या. पैंजणाच्या चांदीत मिसळलेल्या तांब्याची बेरीज ८.९७९ केईव्हीला थांबते, चांदीच्या एल-३ ची ३.३५१ पर्यंत चालू राहते. हुपरीच्या त्या मुलाने हे तेवीस आणि चौतीस ओळींत केलं, आणि पहिल्या रकान्यात प ची अट घालायला या वेळी विसरला नाही.